वर आणताना

नाना पेठेत ओ-रिंग मागितली
तर दुकानदार विचारतो, कुठल्या गाडीची?
ओवी म्हणाली, गाडीची नाही, समुद्राची.
त्यानं चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं
आणि म्हणाला, ती बाहेरून मागवावी लागेल.

समुद्रही बाहेरूनच मागवावा लागणार होता.
स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलंय,
आपण त्याच्या साडेपाचशे मीटर वर राहतो.
आणि आमची बाटली जायची होती
त्याच्या चार हजार मीटर खाली,
जिथं नखाएवढ्या जागेवर
चारशे किलो उभे असतात, दिवसरात्र,
आणि कुणाची काही तक्रार नसते.

प्रोजेक्ट साधा होता, म्हणजे कागदावर:
तळाचा गाळ वर आणायचा
त्याला कळू न देता.

हेरंब तांडेल हर्णैचा. त्याचे वडील
फोनवर खूप हसले.
म्हणाले, खोलातला मासा वर ओढला की
डोळे बाहेर येतात त्याचे, पोट तोंडातून.
आपण म्हणतो, बघा कसला कुरूप.
अरे, तिथं तो तसा नसतो.
हे वाक्य आम्ही रिपोर्टात घातलं, प्रस्तावनेत.
सरांनी लाल पेनानं विचारलं: संदर्भ?

भोसरीत बाबालाल मुलाणींच्या लेथपाशी
आमचं ड्रॉइंग ऑइलनं पारदर्शक झालं.
झाकणाची खाच तीनदा कापली.
पहिली सैल. दुसरी खरबरीत.
तिसऱ्या वेळी त्यांनी मशीन बंद केलं,
करंगळीचं नख खाचेतून फिरवलं, हळू, पूर्ण गोल,
डोळे मिटून,
आणि म्हणाले, आता पाणी विचार करील.

पाण्यानं विचार केला नाही.
हातपंपाच्या चाचणीत एकशे ऐंशीला
केसाएवढी एक धार सुटली
आणि सुरक्षा सप्ताहाच्या पोस्टरला
भोक पाडून गेली.
मग दोनशे वीस. मग पुन्हा एकशे नव्वद.
एका रात्री तीनशे दहा,
तेव्हा आम्ही वॉचमनला उठवून आणलं.
त्यानं नीट पाहिलं. छान आहे, म्हणाला,
जाताना दिवे बंद करा.

चारशे कधी आले नाहीत.
हे इथंच सांगून टाकावं, कविता असली तरी.

जहाज तर मिळणारच नव्हतं.
वाघोलीला एक जुनी दगडखाण आहे, पाण्यानं भरलेली,
वीस मीटर. हव्या त्या समुद्राचा दोनशेवा भाग.
चार ट्यूबांचा तराफा, ट्रेकिंगवाल्यांचा दोर.
बाटली हिरव्यात गेली, मग काळ्यात,
मग खटका पडला
तो कानाला नाही, दोरातून तळव्याला कळला.

वर आल्यावर बोटभर काचेतून पाहिलं.
गाळ राखाडी, मऊ. खाणीचा नव्हे,
शाडूचा.
वाजतगाजत आणून सोडलेला,
आणि सोडणारे घरी गेलेले.
त्यात चमकीचा एक कण, सोनेरी,
अजून खाली न बसलेला.
बाहेर शून्य. आत काटा दोनवर.
हेरंब काहीतरी बोलणार होता, बोलला नाही.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, उघडा बघू.
ओवी म्हणाली, सर, उघडलं तर तो वर आला असं होईल.
त्यांनी काट्यावर टिचकी मारली.
मग पेनाचं टोपण काढलं
आणि बराच वेळ काही लिहिलं नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली.
मी चाकणला गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या करतो.
परवा लॅबमधून सोनटक्के मामांचा फोन,
कपाट रिकामं करतोय,
तुमचा तो लोखंडी थर्मास भंगारात देऊ का?
मी विचारलं, मामा, काटा कुठं आहे?
थांब, म्हणाले. चष्मा शोधल्याचा आवाज.
काचेवरची धूळ पुसल्याचा.

दीडच्या
जरासा वर.